रंगारीण तुंगाई आणि संकल्पांचा घडा

एका राज्यात, जिथे दोन नद्या जमिनीवरून वाहत आणि तिसरी जमिनीखालून वाहते असे लोक मानत, अरिंजय नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, न्यायी होता, पण स्वतःवर नाराज होता. त्याला उत्तम पुरुष व्हायचे होते. दर वर्षाच्या पहिल्या दिवशी तो भरदरबारात उभा राही, तळहातावर पाणी घेई आणि बारा संकल्प मोठ्याने उच्चारी. राग जिंकीन. पहाटे उठेन. शिकार सोडीन. आसनावर बसून चित्त स्थिर करीन. असे बारा. नगारे वाजत, दरबार माना डोलावी. आणि आठवा दिवस उजाडतो न उजाडतो तोच राजा एखाद्या सेवकावर असा ओरडे की छतातले पारवे उडून जात. मग उरलेले अकरा संकल्पही एकामागून एक गळून पडत, आणि राजा वर्षभर मनातल्या मनात खजील होऊन बसे.

अशी अठरा वर्षे गेली. एकोणिसाव्या वर्षी दरबारात एक जटाधारी आला. अंगाला भस्म, काखेत झाकण घातलेला मातीचा घडा. त्याचे नाव कुंभकेतू. तो योगी नव्हता, मांत्रिक होता. पण हे कोणाला ठाऊक नव्हते.

"महाराज," तो म्हणाला, "आपले संकल्प का मोडतात ते सांगू?"

"सांगा."

"संकल्प करणारे मनच चंचल आहे. भोक पडलेल्या घागरीत पाणी किती दिवस भरणार? ते मन मला द्या. मागे निखळ शांती उरेल. मात्र राजाचे मन प्रजेच्या मनाला बांधलेले असते. द्याल तर दोन्ही द्यावी लागतील."

राजा थकला होता, आणि थकलेला माणूस अटी नीट ऐकत नाही. त्याने तळहातावर पाणी घेतले. "माझ्या आणि माझ्या प्रजेच्या मनात जे जे करायचे आहे, ते ते तुम्हाला दिले," असे म्हणून त्याने पाणी सोडले.

पाणी फरशीवर पडले. घड्याचे झाकण आपोआप उघडले आणि आपोआप मिटले. राजाच्या चेहऱ्यावर मंद हसू पसरले आणि तिथेच राहिले. कुंभकेतूने घडा उचलला आणि तो भरल्या दरबारातून चालत बाहेर गेला. त्याला कोणी वाट दिली नाही, कोणी अडवलेही नाही.

त्याच घटकेला रंगाऱ्यांच्या गल्लीत तुंगाई निळीच्या रांजणापाशी उभी होती. तुंगाई ही राजवाड्याची रंगारीण. पन्नाशीची, कोपरापर्यंत निळ्या हातांची, आणि गल्लीत प्रसिद्ध अशा जिभेची. तिचा मुलगा कापडाचे तागे घेऊन परमुलखात गेला होता. घरी सून शेवंती आणि आठ महिन्यांचा नातू. तुंगाईच्या जिभेचा सगळा मार त्या सुनेच्या वाट्याला येई. पण एक महिन्यापूर्वी तुंगाईने एक संकल्प धरला होता. कोणाला सांगितला नव्हता. रोज सकाळी रांजणात हात घालण्याआधी ती डोळे मिटून मनात म्हणे, 'माझी जीभ शीतल आहे.' त्या महिन्याभरात तो संकल्प सोळा वेळा मोडला होता आणि सतरा वेळा तिने तो धरला होता.

आताही तेच चालले होते. शेवंती चुलीवरून उकळत्या पाण्याचे तपेले उतरवत होती, फडके न घेताच, आणि तुंगाईच्या जिभेवर एक तिखट शब्द आला होता. तिने तो गिळला. गिळता गिळता तिला जाणवले की गल्ली एकदम गप्प झाली आहे. कापड आपटण्याचा आवाज नाही, हाका नाहीत.

शेवंती तपेल्याच्या काठाला हात लावून तशीच उभी होती.

"अगं, उतरव ना," असे म्हणायचे सोडून, जुनी सवय म्हणून, तुंगाईच्या तोंडून निघाले, "बस धरून."

शेवंती खाली बसली आणि तिने तपेले दोन्ही हातांनी घट्ट धरले.

तुंगाईला आधी वास आला. मग तिने पाहिले. तिने धावत जाऊन सुनेचे हात ओढून काढले, तळवे लाल होऊन फुगले होते, आणि शेवंतीच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नव्हती. पाळण्यात बाळ रडत होते. शेवंतीचे डोळे त्याच्याकडे होते, पण ती उठत नव्हती. शेजारच्या घरातही मूल रडत होते. त्याच्या पलीकडच्या घरातही. साऱ्या गल्लीत लेकरे रडत होती आणि एकही आई उठत नव्हती.

"बाळाला घे," तुंगाई म्हणाली.

शेवंतीने बाळाला घेतले.

"पाज त्याला."

शेवंतीने पाजले. बाळाचे पोट भरले, त्याने तोंड फिरवले, तरी ती पाजतच राहिली, कारण थांब असे कोणी सांगितले नव्हते.

तुंगाई भिंतीला टेकली. ही मुलगी माझा एक शब्द ऐकत नाही, असे ती पाच वर्षे घरोघरी सांगत आली होती. आज ती एकूण एक शब्द ऐकत होती, आणि ते पाहून तुंगाईच्या अंगावर काटा उभा राहिला होता.

तिने सुनेला थांबवले, तिच्या तळव्यांना लोणी लावले, वर स्वच्छ फडके बांधले आणि बाळाचे काय काय करायचे ते तिला नीट सांगितले. मग ती घराघरात गेली. प्रत्येक आईला म्हणाली, "मूल रडलं की घे, भूक लागली की पाज, निजलं की ठेव. तहान लागली की पाणी पी, भूक लागली की जेव." प्रत्येक बाई उठली आणि कामाला लागली. गल्ली संपली तेव्हा तुंगाईचा घसा कोरडा पडला होता. वाटेत जो भेटेल त्याला तेच सांगत, ज्याला सांगितले त्याला दहांना सांगायला धाडत, ती राजवाड्यात पोचली.

राजा सिंहासनावर होता. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर हसू. त्याच्या पायाशी एक दिवा कलंडला होता आणि गालिचा जळत होता.

"महाराज, उठा," तुंगाई घाबरून म्हणाली.

राजा उठून उभा राहिला.

एका रंगारणीने राजाला ऊठ म्हटले होते आणि राजा उठला होता. तुंगाईने तोंडावर हात ठेवला. आपण काही मोठे पाप केले असे तिला वाटले. तिने पाण्याचा घडा ओतून गालिचा विझवला, हळूच "बसा, महाराज" म्हणाली आणि पाठमोरी न होता तशीच बाहेर आली.

अंगणात एक टिटवी उभी होती. टिटवी बोलली.

"तुंगाई, तुझे मन तुझ्यापाशी कसे राहिले?"

पक्षी बोलतो याचे आश्चर्य करण्याइतके बळ तुंगाईत उरले नव्हते. "मला ठाऊक नाही, टिटवीबाई."

"मला ठाऊक आहे. राजाने जे जे करायचे आहे ते दिले. तू तेव्हा शब्द गिळून आपला संकल्प करीतच होतीस. दाणा घड्यात जातो, रुजलेला कोंब जात नाही."

"काय झालं आहे ते सांगा."

"कुंभकेतूने साऱ्या राज्याचे संकल्प घड्यात भरले आहेत. ज्याला संकल्प नाही तो सांगितले ते करतो, आणि शेवटचे जे सांगितले तेवढेच धरतो. आजपासून तिसऱ्या दिवशी सूर्य मावळताना कुंभकेतू शंख फुंकील. राज्यातला प्रत्येक माणूस त्याच्या मागे निघेल. त्याच्या टेकडीखाली शापित रत्नांची खाण आहे. ती रत्ने हाताला जाळतात, म्हणून आजवर कोणी ती काढू शकले नाही. पण मन नसलेला माणूस हात मागे घेत नाही."

तुंगाईला सुनेचे तळवे आठवले.

"घडा कसा फुटेल?"

"ते मला ठाऊक नाही. शस्त्राने फुटत नाही एवढे खरे. वाटेत आधी फुटणारा माळ आहे, मग थांबलेला घाट, मग टेकडीवर घडा. माझी अंडी त्याच टेकडीवर उघड्या जमिनीवर आहेत. जमिनीवर अंडी घालणारीला येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाऊल ओळखावे लागते. मी वाट दाखवीन. चालायचे तू."

दोघी निघाल्या. टिटवी पुढे, तुंगाई मागे.

दुपार कलताना माळ लागला. गवत पिवळे, मधून एकच पायवाट. तुंगाईने पाऊल ठेवताच माळाने विचारले, "कशासाठी आलीस?" तो आवाज जमिनीतून आला आणि तिच्या पोटऱ्यांतून वर चढला.

"सुनेला सोडवायला," तुंगाई म्हणाली. "गल्लीला सोडवायला. राजाला जागं करायला. त्या मांत्रिकाला चांगली शिक्षा मिळावी म्हणून. आणि जमलं तर हा गुडघा..."

प्रत्येक शब्दासरशी माळाला एक नवी वाट फुटली. पाच वाटा पाच दिशांना गेल्या. तुंगाई चालू लागली तसा तिचा उजवा पाय एका वाटेला लागला आणि डावा दुसरीला. तिने ओढून पाहिले. पाय तिचे ऐकेनात. कंबर फाटेल अशी कळ आली. गवतात तिला हाडे दिसली. एका माणसाचीच होती, पण अर्धी या वाटेवर आणि अर्धी त्या वाटेवर.

"टिटवीबाई, आता काय करू?"

"धरलेले सोड. एक ठेव."

"गुडघा दुखू दे," तुंगाई म्हणाली. एक वाट मिटली. "शिक्षा मला नको." दुसरी मिटली. "राजाचं राजा पाहील." तिसरीही मिटली. आता दोन उरल्या. एका वाटेवर गल्ली होती, पन्नास घरे, ज्यांचे पाळणे तिने नुकतेच पाहिले होते. दुसरीवर एकटी शेवंती. पाय ताणले जात होते आणि तुंगाई रडत होती.

"गल्लीला मी टाकू कशी?"

"टाकू नकोस. पण सगळ्यांना धरणारा हात कोणालाच धरत नाही. ज्याचे दुःख तुझ्या हाताने घडले, ते धर. उरलेले त्याच्या मागून येईल."

"शेवंती," तुंगाई म्हणाली. दोन्ही पाय एका वाटेवर आले आणि ती वाट सरळ माळाच्या पलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढताना घाट लागला. नदी काळीभोर, रुंद, पूल नाही, नाव नाही. काठावर शंभरेक माणसे उभी होती. प्रत्येकाने एक पाय पाण्याकडे उचललेला होता. जवळ गेल्यावर तुंगाईला कळले की ती पाषाणाची आहेत. एकाच्या कमरेला राजमुद्रेची तलवार होती. ते सेनापती होते. गेल्या वर्षी ते शापित रत्ने शोधायला निघाले आणि परतले नव्हते. राज्यात त्यांचे तेरावेही झाले होते. तुंगाईने त्यांच्या तोंडाशी कान नेला. पाषाणाचे ओठ अजून पुटपुटत होते.

"उद्या पहाटे उतरू. उद्या पहाटे."

तुंगाई दोन पावले मागे सरली. पाण्यात एक म्हातारी मगर पडून होती. तिने एक डोळा उघडला.

"केव्हा उतरणार?"

"थोडा दम घेते आणि उतरते," तुंगाई म्हणाली.

तिच्या डाव्या टाचेला गार लागले. तिने पाहिले तर टाच दगडाची झाली होती आणि तो दगड हळूहळू घोट्याकडे चढत होता.

तिला पोहता येत नव्हते. समोर पाणी होते आणि पाण्यात मगर होती. "उतरते आहे," ती म्हणाली, आणि तो शब्द संपायच्या आत तिने पाऊल टाकले. पायाखाली खडक आला. पुढे खडक नव्हता, नुसते पाणी. तिने दुसरे पाऊल टाकले, तेव्हा दुसरा खडक आला आणि मागचा बुडाला. असा एका वेळी एकाच पावलापुरता खडक घेत ती नदी ओलांडून गेली. मगर तिच्या शेजारून पोहत होती. टाचेवरचा दगड चढायचा थांबला, पण उतरला नाही. ती टाच पुढे जन्मभर दगडाचीच राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती टेकडीवर पोचली. वरती सपाट खडक, खडकावर घडा, घड्याशेजारी कुंभकेतू शंख पुसत बसला होता. त्याने तिला पाहिले आणि तो उठला नाही.

"ये, तुंगाई. घडा हा आहे. फोडायचा असेल तर घण तिथे आहे."

तिने घण उचलला आणि सगळ्या ताकदीने घातला. घणाचे तीन तुकडे झाले. घड्यावर चराही उमटला नाही. कुंभकेतूने तुकडे गोळा करून बाजूला ठेवले, जणू हे काम रोजचेच होते.

"ही माती कोणती, ठाऊक आहे?" त्याने विचारले. "कान लाव."

तुंगाईने घड्याला कान लावला. घडा बोलत होता. त्यात एक आवाज नव्हता, हजारो होते. एक म्हणत होता, 'बायकोने माझ्यापुढे तोंड उघडू नये.' एक म्हणत होता, 'गड्याला स्वतःची अक्कल नसावी.' एका बापाचा आवाज म्हणत होता, 'पोराने मी सांगेन तेच व्हावे.' मध्येच तिला राजाचा आवाज ओळखू आला, 'प्रजेने मला प्रश्न विचारू नयेत.'

"मी एकट्याने एवढा मंत्र कुठून आणणार?" कुंभकेतू म्हणाला. "पाणवठ्यावर, ओसरीवर, बाजारात मी कित्येक वर्षे फिरलो. दुसऱ्याला मन नसावे असे जो जो म्हणाला, त्याची चिमूटभर माती उचलली. फार हिंडावे लागले नाही. सगळ्या घरांत सापडली."

तुंगाई ऐकत राहिली, कारण त्या गर्दीत एक आवाज तिला फार ओळखीचा वाटत होता. तो घड्याच्या पोटाशी होता. तिने कान तिथे नेला.

'हिला स्वतःचं मनच नसतं तर किती बरं झालं असतं,' तो आवाज म्हणाला.

तो तिचाच होता.

तिला तो दिवस आठवला. दोन वर्षांपूर्वी निळीचा रांजण नीट पिकत नव्हता, रंग धरत नव्हता. शेवंती म्हणाली होती, आत्याबाई, चुना एक दिवस आधी घालून बघू या का? तुंगाईने नको म्हटले, तरी तिने घातला. असा निळा रंग त्या गल्लीत कधी निघाला नव्हता. व्यापाऱ्याने कापड उन्हात धरले आणि सुनेचे नाव विचारले. त्या संध्याकाळी नदीवर कापड पिळताना तुंगाई एकटीच ते वाक्य बोलली होती. कोणी ऐकले नाही, असे तिला वाटले होते.

तुंगाई घड्यापासून दूर सरकली. तीन दिवस ती ज्या शत्रूला शोधत आली होती, त्याच्या घड्यात तिची चिमूट होती.

कुंभकेतू मऊ आवाजात म्हणाला, "एवढे वाईट वाटून घेऊ नकोस. तुला मी रिकाम्या हाताने धाडणार नाही. शंख वाजेल तेव्हा तुझी सून येणार नाही. ती तुला ठेवतो. जन्मभर तुझ्या शब्दात राहील. उलट उत्तर नाही, रुसणे नाही. जा, घरी जा."

हे सांगायलाच हवे की तुंगाई क्षणभर मोहात पडली. ती काही देवी नव्हती. शांत घर, तयार कापड, खाली मान घातलेली सून, हे सारे तिच्या डोळ्यांपुढे आले. मग त्या चित्रातल्या सुनेने पाळण्याकडे पाहिले आणि ती उठली नाही.

तुंगाईने आपला निळा तळवा घड्याच्या त्या जागेवर ठेवला. सूर्य कलला होता.

"मी तिला पुन्हा कधी टाकून बोलणार नाही," ती म्हणाली. माती हलली नाही.

"मी चुकले. मला क्षमा असावी." माती हलली नाही.

टिटवी खडकावर उतरली. "जे व्हायचे आहे ते नको बोलूस," ती म्हणाली. "जे आहे ते बोल. गिळून ठेवले आहेस ते."

कुंभकेतूने शंख ओठांपाशी नेला.

"शेवंती माझ्याहून चांगला रंग काढते," तुंगाई म्हणाली.

तळव्याखालची माती कोमट झाली.

"त्या दिवशीही तिचंच खरं होतं. मला ते कळलं होतं. तिचं मन तिचं आहे. मला माझं पुरे."

चिमूटभर माती सुटून तिच्या हातात आली, ओली, साधी, नदीकाठी असते तशी. घड्याला बोटाएवढे भोक पडले. त्यातून आधी एक दाणा बाहेर आला, मोहरीएवढा, उजेडाचा. मग दुसरा. मग धार लागली. घडा ज्या आवाजांनी बांधला होता, ते भोकापाशी येऊन तुटू लागले आणि पाहता पाहता सारा घडा मातीचा ढीग झाला. लक्षावधी दाणे टेकडीवरून उडाले आणि ज्याच्या त्याच्या घराकडे गेले.

कुंभकेतूने शंख फुंकला. राज्यभर तो ऐकू आला. लोकांनी मान वर करून पाहिले आणि ते आपापल्या कामाला लागले.

मांत्रिकाच्या हातून शंख खाली पडला. इतकी वर्षे तो दुसऱ्यांच्या संकल्पांवर जगला होता. त्याचा स्वतःचा एकही नव्हता. त्याचा चेहरा तसाच झाला, जसा दोन दिवसांपूर्वी शेवंतीचा झाला होता.

"मी आता काय करू?" त्याने तुंगाईला विचारले.

ती जे सांगेल ते त्याने केले असते. तिने सांगितले नाही.

"ते तुझं तू ठरव," ती म्हणाली आणि टेकडी उतरू लागली. कुंभकेतू अजून त्या खडकावर बसला आहे आणि ठरवतो आहे, असे त्या बाजूचे गुराखी सांगतात.

उडत जाणारे दाणे घाटावरच्या पाषाणांना शिवले होते; ते पुन्हा माणसे झाले होते आणि त्यांचे उचललेले पाय जमिनीला लागले होते. सेनापती नदी उतरून तुंगाईपाशी आले, तिला खांद्यावर बसवून या काठाला घेऊन आले आणि वर्षभरात काय काय झाले ते त्यांनी विचारले. तेराव्याचे तिने त्यांना सांगितले नाही.

राजा जागा झाला होता. हसू गेले होते, डोळे सुजले होते. ती येताच तो सिंहासनावरून उतरला. तिने त्याला घड्यातल्या आवाजांची हकीकत सांगितली.

"मला वाटले मला शांती मिळाली," तो म्हणाला. "ती शांती नव्हती. आत कोणी नव्हतेच. बाई, त्या घड्यात माझाही आवाज होता का?"

"होता, महाराज."

राजाने मान खाली घातली. मग म्हणाला, "तुझा संकल्प कोणता होता, ज्याला मांत्रिक हात लावू शकला नाही? तो मी दरबारात घोषित करतो."

"महाराज, तो सांगायचा नसतो."

राजाला नाही म्हणणारे आजवर कोणी नव्हते. राजाच्या कपाळाची शीर फुगली. सगळ्यांनी ती पाहिली. मग ती हळूहळू उतरली, हेही सगळ्यांनी पाहिले. त्या वर्षापासून नगाऱ्यांचे ते बारा संकल्प बंद झाले. राजाने एकच धरला. तो कोणता, हे राणीलाही ठाऊक नव्हते. एवढे मात्र झाले की छतातले पारवे पुन्हा उडाले नाहीत, आणि कधी उडालेच, तर राजा दुसऱ्या सकाळी त्या सेवकाच्या दाराशी जाऊन उभा राही.

तुंगाई घरी आली. शेवंती उंबऱ्यात बसली होती, बाळ मांडीवर, हातांना फडकी.

"आत्याबाई, मला सगळं आठवतं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, बस धरून. हात जळत होते ते कळत होतं. सोडून द्यावं असं वाटायला जे लागतं, ते नव्हतं."

तुंगाई तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने घड्याचे सांगितले. काही लपवले नाही. ती चिमूट माझी होती, म्हणाली.

"कधी बोललात तसं?"

"चुन्याच्या दिवशी. संध्याकाळी, नदीवर."

शेवंतीने बाळाच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले. "त्या दिवशी मी खूश होते," ती म्हणाली. "तुम्ही व्यापाऱ्यासमोर गप्प राहिलात. मला वाटलं, तुम्हालाही आवडलं."

तुंगाई उठली आणि सुनेच्या हातांची फडकी बदलायला लोणी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी शेवंतीने गाठोडे बांधले. "मी माहेरी जाते. परत यायचं की नाही ते तिथे ठरवीन."

"ठरव," तुंगाई म्हणाली. तिने वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या, नातवाचा मुका घेतला आणि गल्लीच्या टोकापर्यंत ती सोबत गेली. कधी येशील, असे तिने विचारले नाही. त्या दिवशी तिने एकही कापड रंगवले नाही.

चाळीस दिवस गेले. एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी थांबली. गाडीत शेवंती होती, कडेवर बाळ, आणि तिच्या शेजारी पेंढ्यात गुंडाळलेला एक नवा कोरा रांजण. तळव्यांवर नवी, गुलाबी कातडी आली होती.

"माझा रांजण वेगळा राहील," ती गाडीतूनच म्हणाली. "चुना कधी घालायचा ते मी पाहीन. कबूल असेल तर उतरते."

"कबूल आहे," तुंगाई म्हणाली.

शेवंती उतरली. दोघींनी मिळून रांजण अंगणात आणला. तुंगाईने आपल्या रांजणाशेजारची, सावलीतली जागा दाखवली. "इथे पुरूया?"

शेवंतीने जागा पाहिली, ऊन कुठून येते ते पाहिले.

"नाही," ती म्हणाली. "तिथे, भिंतीजवळ. तिथे दिवसभर ऊब राहील, नीळ लवकर पिकेल."

तुंगाईने कुदळ उचलली आणि ती भिंतीजवळ खणू लागली.

ऐकणाऱ्याचे मन ऐकणाऱ्यापाशी राहो, सांगणाऱ्याचे सांगणाऱ्यापाशी. एवढे मागून ही कथा इथे ठेवली.